शक्तिमानचा सिनेमा आणि विनोदाची धास्ती

रामबागकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, हा पहिलाच धागा. जिलबी वाटली तर गोड मानून घ्या, पोहे माझ्याकडून.

भाऊबीजेला बहिणीकडे इंदूरच्या सुदामानगरला गेलो होतो. जेवणं उरकली, टीव्ही उगाच चालू, आणि कुठूनतरी शक्तिमानच्या सिनेमाचा विषय निघाला. २०२२च्या फेब्रुवारीत सोनी पिक्चर्सने छोटासा टीझर टाकून घोषणा केली होती, तीन भाग काढणार म्हणाले होते. तेव्हापासून आम्ही पस्तिशी-चाळिशीतली माणसं वर्षातून दोनदा एकमेकांना विचारतो, "काय झालं रे त्याचं?" तर भाचा, वय सतरा, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "मामा, तो आता सिरियसली बनवताच येणार नाही. गोल-गोल फिरणारा माणूस! कॉमेडीच करावी लागेल." सगळे हसले. मीही हसलो.

घरी येताना रामबागपर्यंत तेच डोक्यात. कारण पोरगं चुकीचं बोललं नव्हतं. जुनी मालिका उचलायची, नाव तेच ठेवायचं आणि तिचीच टिंगल करायची, हा धंदा बाहेर चाललेला आहे. मला तर सीन आत्ताच दिसताहेत. शक्तिमान फिरणार, चक्कर येऊन भाजीच्या गाड्यावर पडणार. मालिकेतला खलनायक किल्विष "अंधेरा" म्हणणार आणि त्याला ठसका लागणार. पत्रकार गीता विश्वास विचारणार, हे कपडे शिवतं कोण? थेटर हसेल. आणि शेजारी माझी नऊ वर्षांची मुलगी बसलेली असेल, जिने शक्तिमान बघितलेलाच नाही. तिच्या लेखी शक्तिमान म्हणजे तो भाजीत पडलेला माणूस.

अजून काहीच झालेलं नाही, हे मलाही कळतं. तरी धास्ती वाटते. कुणाला वाटते का, की मीच म्हातारा झालोय?

पोहेजिलबी

भाजीत पडलेला माणूस, हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!!

मी मूळची लोकमान्यनगरची, आता पुण्यात. धागा वाचून रविवार दुपारची बाराची वेळ आठवली. आईचा वरण-भाताचा कुकर आणि टीव्हीवर तो शंख, दोन्ही एकदम. पण खरं सांगू का, मला शक्तिमानपेक्षा कटौती जास्त आठवते. इंदूरबाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगते. २००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजघरं तिकडे गेली, आणि आमच्या मध्य प्रदेशात लाइट जायला लागली ती काही विचारू नका. पुढच्या २००३च्या निवडणुकीत सरकार पडलं त्यात बिजली-सडक-पानीचा केवढा वाटा होता, ते सगळ्यांना माहीत आहे.

तर किल्विषने शक्तिमानला पकडलंय, आणि लाइट गुल. अख्ख्या गल्लीतून एकच "अरेऽऽ". मग कुणीतरी छतावरून ओरडायचं, "अंधेरा कायम रहे!" आणि सगळी गल्ली खिदळायची. म्हणजे विनोद आम्ही तेव्हाही करत होतोच ना भिया? हे तुमच्या धाग्याच्या विरोधात जातंय का बाजूने, मलाच कळत नाहीये.

लष्करवाली

वेळेबद्दल दुरुस्ती. रविवार नंतर आला. १९९७च्या सप्टेंबरात सुरू झाली तेव्हा शनिवारी सकाळी असायची. मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका शाळेत शिकवत होते आणि शनिवारी माझा चौथीचा वर्ग अर्धा रिकामा असायचा. सर्दी, ताप, मामाचं लग्न. एकाच मुलाच्या मामाचं एका सत्रात तीनदा लग्न लागलं. पुढे रविवार केला तेव्हा आम्ही शिक्षकांनी देवाचे आभार मानले.

धागाकर्त्यांना एक सांगायचं आहे, राग मानू नये. तुम्हाला ती श्रद्धा गोड वाटते. आम्ही तिचा खर्चही बघितला आहे. मधल्या सुट्टीत एक मुलगा व्हरांड्याच्या कठड्यावर चढून हात वर करून फिरायला लागला. मी धावले, पोचले नाही. हनुवटीला टाके पडले. रडत नव्हता. रक्त गळत होतं आणि विचारत होता, "मॅडम, मी किती फेऱ्या मारल्या?" तेव्हा पेपरांतही मुलांनी उड्या मारल्याच्या, स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या यायच्या. नंतर तर शक्तिमान स्वतःच पडद्यावर येऊन सांगायचा की माझी नक्कल करू नका.

त्यामुळे उद्या कुणी त्याचा विनोद केला आणि मुलं नुसती हसून घरी आली, तर माझ्यातली बाई म्हणेल, बरं झालं.

रामबागकर

@लष्करवाली मॅडम, राग कसला. हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पण ते "किती फेऱ्या मारल्या" वाचून मी थांबलो. तो मुलगा हसण्यावारी न्यायचा नव्हता, बरोबर ना? तुम्हालाही इतक्या वर्षांनी त्याचं वाक्य पाठ आहे.

@पोहेजिलबी, छतावरून ओरडणारा कदाचित मीच असेन. (नाही, आमचं घर वेगळ्या भागात होतं.)

जुनीइंदूर०४

सगळे काका-मावशी मिळून स्मरणरंजन करून राहिलेत तर मी काडी टाकते.

माझा जन्म २००४चा. मालिका २००५ला संपली, म्हणजे मी रांगत होते. शक्तिमान मी पहिल्यांदा बघितला लॉकडाऊनमध्ये. एप्रिल २०२० पासून दूरदर्शनने दुपारी एकला परत दाखवला होता, आठवतंय? इंदूर तेव्हा कडक बंद, दूधसुद्धा जपून. मी सोळा वर्षांची, घरात कैद, आणि आजी म्हणाली, चल बस. पहिल्या दिवशी मी इतकी हसले की आजीने चॅनलच बदललं. ती हिरवी-निळी कडा माणसाभोवती दिसते, आकाशात उडतोय आणि केस जागचे हलत नाहीत!

आता माझा प्रश्न. तुम्ही म्हणता सिनेमा टिंगल करेल. पण टिंगल तर तुम्हीच केलीय ना? "सॉरी शक्तिमान"चे मीम कुणी बनवले? आमच्या पिढीने मूळ बघितलंच नव्हतं, तर बनवणार कसे? फेसबुकवर किल्विषचे फोटो टाकून ऑफिसच्या बॉसवर जोक तुम्हीच मारले. दहा वर्षं तुम्ही त्याला विनोद करून ठेवलंत, आता सिनेमावाला तेच करेल म्हणून घाबरून राहिलेत. हे नाही चालणार भिया.

पोहेजिलबी

पॉपकॉर्न घेऊन बसले.

फ्रेमवाला

मुंबईत सिनेमाच्या व्हीएफएक्समध्ये काम करतो, घर इंदूरला, टिळकनगर. ज्या कडेला तुम्ही हसलात ती क्रोमाची कडा. एका रंगाच्या पडद्यासमोर माणूस उभा करायचा, मग तो रंग काढून मागे आकाश चिकटवायचं. तेव्हाची यंत्रं आणि दूरदर्शनचं बजेट, त्यात ते जे करत होते ते करायला छाती लागते. आज हे काम फोनवर होतं. असो, धंद्याचं पुराण पुरे.

धागाकर्त्यांच्या भीतीला परदेशात पुरावा आहे, म्हणून लिहितोय. अमेरिकेत १९७४ साली मुलांसाठी शनिवार सकाळची एक मालिका सुरू झाली, 'लँड ऑफ द लॉस्ट'. एक बाप, त्याचा मुलगा आणि मुलगी नदीतून जाताना भूकंपात सापडतात आणि डायनासोरांच्या दुनियेत अडकतात. त्यात स्लीस्टॅक नावाचे सरडेमाणसं होते. रबरी सूट, चाल इतकी संथ की आपली आजीसुद्धा पुढे निघून जाईल. पण त्या काळची अमेरिकन पोरं आज साठीला टेकली तरी सांगतात, रात्री झोप लागायची नाही. आपल्या किल्विषसारखंच. काळ्या अंधारातला एक चेहरा आणि एक वाक्य, बस.

२००९ला त्यावर विल फेरेलला घेऊन विनोदी सिनेमा काढला. खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात. जगभरातून सात कोटीही आले नाहीत. पण पैशापेक्षा मला त्यांनी काय काढून टाकलं ते महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मुलंच काढली! मालिकेत जी बापाची मुलं होती, त्यांची नावं तीच ठेवून सिनेमात त्यांना मोठी माणसं केलं. एक संशोधक बाई, एक पर्यटकांना वस्तू विकणारा गडी. बाप कसला बाप, विचित्र शास्त्रज्ञ. आणि विनोद असे की ज्या मुलांसाठी मूळ मालिका होती त्यांना घेऊन बसता येणार नाही. अनोळखी जागेत बाप आपल्या पोरांना सांभाळतोय, हा त्या मालिकेचा जीव होता. तो काढला आणि रबरी सूट ठेवला.

उलटंही झालंय, ते सांगायला हवं. '२१ जंप स्ट्रीट' नावाची पोलिसांची मालिका होती, १९८७ची, चांगली गंभीर. २०१२ला तिचा धमाल विनोदी सिनेमा आला आणि चालला, पुढचा भागही निघाला. त्यात पोलिसांचा साहेबच सांगतो की वरच्यांना नवीन काही सुचत नाही म्हणून ऐंशीच्या दशकातली जुनी योजना झाडूनपुसून परत आणलीय. म्हणजे त्यांनी स्वतःची, सिनेमावाल्यांची फिरकी घेतली. प्रेक्षकाच्या बालपणाची नाही.

जुनीइंदूर०४

@फ्रेमवाला, हे भारी आहे. मुलंच काढली!

माझं अर्धं राहिलं होतं, ते सांगते. पहिल्या दिवशी हसले. चौथ्या-पाचव्या दिवशी एकला मीच आजीला हाक मारत होते. का ते माहीत नाही.

दांडियाबाजार

सर्व चर्चा वाचली. आम्ही बडोद्याचे, वय अडुसष्ट. शक्तिमान आमच्या मुलांनी पाहिला, आम्ही येता-जाता. पण मालिकेचा सिनेमा या विषयावर आमचेही दोन शब्द.

चिमणराव आणि गुंड्याभाऊ. चिं. वि. जोशींची नोकरीची बरीच वर्षं बडोद्यात गेली. महाविद्यालयात पाली शिकवत, पुढे संस्थानचं दफ्तर सांभाळलं. आमचे वडील त्यांना रस्त्यात पाहिल्याचं सांगायचे. छत्री, गंभीर चेहरा. हा माणूस लोकांना हसवतो यावर कुणाचा विश्वास बसत नसे, म्हणे. मुंबई दूरदर्शनने त्यांच्या कथांवर मालिका केली, दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. साऱ्या मुंबई-पुण्याने पाहिली. आम्ही काय पाहिलं? मुंग्या! मुंबईचं प्रक्षेपण बडोद्याला धड पोचायचं नाही. अँटेना घेऊन गच्चीवर मी, खाली खोलीत भाऊ, आणि मध्ये जिन्यात आई निरोप्या. "आलं का?" "आवाज आला, चेहरा नाही." ज्या लेखकाचं घर आमच्या गावात, त्याचाच मानसपुत्र आम्हाला दिसेना.

१९७९ला त्याच जोडीचा सिनेमा आला. ती मालिका मुळात विनोदी, सिनेमाही विनोदी, तेव्हा तुमच्या विषयात ते बसत नाही हे खरं. पण एक गोष्ट पाहा. चिमणराव स्वतःला कधीच विनोदी समजत नाही. तो बिचारा अत्यंत गंभीरपणे संसार करतो आणि म्हणून आपण हसतो. प्रभावळकरांनी एकदाही आपल्याकडे बघून "पाहा मी किती बावळट" असं केलं नाही. केलं असतं तर दुसऱ्या भागात टीव्ही बंद केला असता. विनोदी सिनेमाला आमची हरकत नाही. डोळे मिचकावणाऱ्या सिनेमाला आहे.

(टायपिंग नातू करतो आहे. चुका त्याच्या.)

लष्करवाली

दांडियाबाजार, जिन्यातली आई फार आवडली. आमच्याकडे तो जिना माझ्या वाट्याला होता.

रामबागकर

काकांनी नेमकं बोट ठेवलं. आता मला जे म्हणायचं होतं ते सांगता येईल, आणि त्यासाठी घरातली गोष्ट सांगावी लागेल. थोडी लांब आहे.

आमच्या आजोबांचं नाव गंगाधर. मराठी घरात हे किती भारदस्त नाव, टिळकांच्या वडिलांचं. आजोबा कापडगिरणीच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. काळी टोपी, धोतर, हातात काठी, बोलणं मोजून. आणि १९९७ला टीव्हीवर एक गंगाधर आला. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री! जाड चष्मा, पुढे आलेले दात, तेल चोपडलेले केस, पेपरात फोटो काढणारा बावळट. झालं. रामबागेतल्या सगळ्या पोरांना आमचे आजोबा सापडले. ते संध्याकाळी बाहेर पडले की सितोलिया (लगोरी) थांबायचा आणि ओटल्यावरून ओरडा व्हायचा, "गंगाधर ही शक्तिमान है!" मी त्या टोळीत. आतून मेल्याहून मेला, पण ओरडायचो मीही. नाहीतर मला खेळायला घेतलं नसतं.

आजोबा कधी वर बघत नसत. महिना-दोन महिने हे चाललं. एक दिवस ते दही घेऊन येत होते, हातात स्टीलची बरणी, कडीची. ओरडा झाला. ते थांबले. मला बोटाने बोलावलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर कानाखाली. बरणी माझ्या हातात दिली, मग काठी दिली. टोपी काढली, झटकली, तीही दिली. उजवा हात वर केला, एक बोट आभाळाकडे. आणि फिरले. एक पूर्ण फेरी, हळू, पावलं मोजत, धोतराचा सोगा डाव्या हाताने आवरून. चेहऱ्यावर हसू नाही. देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. फेरी पुरी झाली तेव्हा थोडा श्वास लागला होता. टोपी घातली, काठी घेतली, पोरांकडे बघून म्हणाले, "झालं? आता अंधार पडतोय, घरी जा." आणि चालायला लागले. मी मागून बरणी घेऊन.

ओटल्यावर कुणी हसलं नाही हो. आमच्यातला एक, सगळ्यात द्वाड, तो हळूच म्हणाला, "यार, सच में तो नहीं हैं?"

तर मला हे म्हणायचंय. त्या मालिकेत विनोदी माणूस होताच, गंगाधर. पण तो मुखवटा होता. जगासमोर बावळट व्हायचं, म्हणजे आत जे आहे त्याचा संशय कुणाला येऊ नये. विनोद सगळा बाहेर, आत मात्र एकदम शांत. आता सिनेमात शक्तिमानच विनोदी केला तर गंगाधरने करायचं काय? लपवायचं काय? दोन्हीकडे मुखवटाच. भाजीत पडला म्हणून माझं दुखत नाही. पडल्यावर तो आपल्याकडे बघून डोळा मारेल, ते दुखतं. आजोबांनी त्या दिवशी जरा जरी डोळा मारला असता ना, तर दुसऱ्या दिवशी पोरांनी दुप्पट ओरडा केला असता.

आणि शक्तिमान ज्यांनी केला ते मुकेश खन्ना आदल्या दशकात महाभारतातले भीष्म होते हे विसरू नका. आमच्या घरी आजी त्यांना भीष्मच म्हणायची. भीष्म गोल फिरतोय म्हटल्यावर हसायची कुणाची टाप होती?

पोहेजिलबी

ऑफिसमध्ये वाचलं. बरणीपाशी डोळ्यांत पाणी आलं, शेजारची विचारतेय काय झालं. काय सांगू, एका आजोबांनी फेरी मारली?

जुनीइंदूर०४

बरं. मीमबद्दल बोललेले शब्द परत घेत नाही. 😛 पण आता मला सांगा, सिनेमा असा केला तर? शक्तिमान नाहीच त्यात. किंवा शेवटी जरासा. सिनेमा रामबागेतल्या त्या टोळीचा. साल २००१, कटौती, रविवारचे बारा, लाइट गेलेली, पोरं गल्लीभर टीव्ही शोधत फिरताहेत, कुणाकडे ट्रॅक्टरची बॅटरी आहे म्हणे, तिकडे पळा. विनोदीच! पोटभर हसू. पण हसू पोरांवर. त्यांच्या देवावर नाही.

फ्रेमवाला

याला पैसे कोण देणार हा प्रश्न वेगळा. पण हा मी बघेन. इंदूरच्या सपना-संगीता थेटरात, पहिल्या दिवशी.

दांडियाबाजार

ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची. तिच्यावर छोटा ब्लॅक अँड व्हाइट संच चालतो. रंगीत नाही चालायचा. म्हणजे शक्तिमान काळापांढरा दिसेल. हे लक्षात ठेवावं. (हे आजोबांनी स्वतः टाइप केलं. नातू.)

जुनीइंदूर०४

आजोबा, हा सीन मी तुमच्या नावाने लिहिणार.

भोपाळीमिरची

अहो पण मुळात तो सिनेमा येतोय कुठे? २०२२ची घोषणा, मग कोण करणार यावर चर्चा, २०२४ला रणवीर सिंगच्या नावाला खुद्द मुकेश खन्नांनी जाहीर विरोध केला, आणि आता तर

संपादक

कोणत्या नटाने भूमिका करावी यावर स्वतंत्र धागा आहे, तिथे आधीच दीडशे प्रतिसाद आणि तीन भांडणं झालीत. इथे नको. भोपाळीमिरची यांचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे.

भोपाळीमिरची

बरं बाबा. एवढंच म्हणतो की २०११ला कार्टूनही आलं होतं शक्तिमानचं. आपल्यापैकी कितीजणांना त्याने दुखवलं? कुणाला आठवतसुद्धा नाही. वाईट सिनेमा आला तर तोही तसाच विसरला जाईल. एवढा जीव कशाला जाळायचा?

लष्करवाली

कार्टून आठवत नाही कारण ते मुलांनी आपापलं पाहिलं. सिनेमाला आपण मुलांचा हात धरून घेऊन जाणार, आणि अंधारात त्यांच्या तोंडाकडे बघणार. फरक आहे.

माझं मत थोडं बदललं आहे, ते नोंदवते. विनोदाने मुलं सुरक्षित राहतील असं मी वर लिहिलं. पण आमच्या वर्गात त्या शनिवारांनंतर आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. मालिकेच्या शेवटी मुलांना सवयी सांगायचे ना, छोट्या छोट्या गोष्टी, हात धुवा, खोटं बोलू नका वगैरे. आणि चुकणारं मूल शेवटी सॉरी म्हणायचं. माझ्या वर्गात मुलं भांडली की एक दुसऱ्याला म्हणायचं, "सॉरी शक्तिमान." मला नाही, एकमेकांना. आणि भांडण मिटायचं. आज हेच शब्द टिंगलीत ऐकते तेव्हा वाईट वाटतं असं नाही, पण चुकल्यासारखं होतं.

रामबागकर

@लष्करवाली, तो टाके पडलेला मुलगा पुढे काय झाला?

लष्करवाली

हाडांचा डॉक्टर. खरंच. हसू नका.

पोहेजिलबी

😂😂😂

फ्रेमवाला

ही मात्र कॉमेडी कुणी लिहिलेली नाही.

रामबागकर

काल रात्री मुलीला बसवून पहिला भाग दाखवला. विनोदी सिनेमा येण्याआधी खरा बघू दे, असा माझा डाव. हसली, दोन-तीनदा. क्रोमाची कडा लगेच दिसली तिला, हल्लीच्या मुलांपासून काही लपत नाही. मग किल्विष आला तेव्हा पाय सोफ्यावर घेतले. मी काही बोललो नाही. संपल्यावर म्हणाली, "बाबा, गंगाधर दात आतून लावतो का खरे आहेत?" तेवढंच. मग झोपली.

जुनीइंदूर०४

पाय सोफ्यावर घेतले!! काका, तुमचं काम झालं.

पोहेजिलबी

अवांतर: शक्तिमानचा ड्रेस कुणाकुणाकडे होता? बाजारात मिळायचे पण आमच्याकडे "सहा महिन्यांत आखूड होईल" म्हणून नाही घेतला. अजून राग आहे.

रामबागकर

माझ्याकडे होता, पण शिवलेला. आईने शीतलामाता बाजारातून विटकरी पॉपलीन आणलं आणि सोनेरी पट्ट्यांसाठी स्वतःच्या जुन्या माहेश्वरीचा काठ उसवला. छातीवरचं चक्र आजोबांनी कंपासने आखून दिलं, पुठ्ठ्यावर. काठाला बुट्टी होती, म्हणजे जगातला एकमेव माहेश्वरी शक्तिमान मीच. पोरं हसली होती तेव्हा, पण घालून बघायला सगळ्यांनी मागितला.

पोहेजिलबी

फोटो टाका!! आहे का अजून?

रामबागकर

आत्ता आईला फोन केला. म्हणाली, आहे की, वरचा भाग मिक्सरवर घालते, धूळ बसत नाही. बाहीतून वायर काढलीय.